चिपाडाच्या गंजीवरचा बर्फ

आमच्याकडं हंगामात आभाळातून काळं पडतं. उसाची तोड झाली की फडात मागं उरलेला वाळका पाला पेटवतात. त्याची राख वाऱ्यावर चढते आणि कुठच्या कुठं जाऊन, गच्चीवर, दोरीवरच्या ओल्या धुण्यावर, उघड्या राहिलेल्या पिठाच्या डब्यात अलगद बसते. लांबट, हलकी, काळी पिसं. बोट लावलं की मोडतात. मलकापूरहून पहिल्यांदा कोल्हापुरात मामाकडं राहायला आले, तेव्हा ही पिसं बघून मी घाबरून मामीला हाक मारली होती, की कुठंतरी आग लागलीय. मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "आग न्हाय ग बाई, हंगाम लागलाय."

आज सकाळी इथं पांढरं पडायला लागलं. कॉकेशसच्या डोंगरातल्या लहानशा गावात, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी कणीक मळत होते, आणि खिडकीबाहेर यंदाचा पहिला बर्फ सुरू झाला. तोही तसाच पडतो, आमच्या राखेसारखा. सरळ खाली येत नाही. जरा थांबून, इकडं तिकडं बघून, जागा पसंत पडली की बसतो. तेवढ्यात फोनवर कोडोलीच्या मालनकाकींचा निरोप वाजला. "शालन, गुऱ्हाळ पेटलं बग. गुळाचं पयलं आदण काल उतरलं. तुज्या नावाची ढेप बाजूला काढून ठेवल्या. तिकडं पडलं का न्हाय अजून?"

दोन्हीकडचा हंगाम एकदमच लागला. पिठाचे हात तसेच धरून मी खिडकीशी उभी राहिले. आणि मला तो हिवाळा आठवला, जेव्हा अर्धं जग बंद होतं आणि कोल्हापुरातली आम्ही काही माणसं बर्फावर घसरायला परदेशी निघालो होतो.

मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. आई अंथरुणाला खिळली, पाठीवर दोन भावंडं, चुलीपुढं कुणीतरी बसायला पाहिजे होतं. ती मी बसले आणि मग उठलेच नाही. त्याचं दुःख मी करत नाही, चुलीनं मला पुष्कळ दिलंय. पण तेव्हापासून मला एक खोड लागली. चांगलं काही व्हायला लागलं की मी घाबरते. वाईट झालं तर काय करायचं ते मला ठाऊक असतं. चांगलं झालं तर कसं वागायचं ते ठाऊक नसतं. गॅस बंद केलाय का बघायला मी अर्ध्या वाटेवरून माघारी येते. अशा बाईला कुणी विमानात बसवायचं म्हणालं, तर ती आधी विमानाच्याच काळजीला लागणार.

म्हणणारे होते प्रकाशदादा. त्यांचं सहलींचं ऑफिस. महामारीच्या आधी त्यांच्या प्रत्येक सहलीबरोबर मी स्वयंपाकाला जायचे, काशीला, केरळला, राजस्थानात. आमचं माणूस कुठंही गेलं तरी तिसऱ्या दिवशी त्याला भाकरी लागते, तांबडा रस्सा लागतो, आणि खर्डा नसला तर ते हॉटेलवाल्याशी भांडतं. मग सगळंच बंद झालं. दादांच्या ऑफिसच्या शटरवर धूळ बसली, आणि मी एका कोविड सेंटरला डबे करून द्यायला लागले.

तिथं आबांची गाठ पडली. आबा म्हणजे मालनकाकींचे मालक. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी, पुढं म्हशी, ऊस आणि कोडोलीला स्वतःचं गुऱ्हाळ. एवढा मोठा माणूस, पण त्या आजारानं छातीतली हवाच काढून घेतली होती. नळी लावून पालथा पडलेला असायचा. पालथं झोपलं की हवा जास्त पोचते, असं डॉक्टर सांगायचे. सगळे पेशंट कुरकुरायचे, आबा नाही. शुद्धीवर येतील तसे नर्सला म्हणायचे, "मला पालथं पडाय शिकवू नगा, बाई. पालथं हाय तवर कुस्ती हाय. पाठ लागली की खेळ खलास." नर्स केरळची. तिला कुस्तीतलं काय कळणार? पण ती मान हलवायची, आणि आबांना तेवढं पुरायचं.

त्यांची चव गेली होती. वरण दिलं तरी माती, खीर दिली तरी माती. एक दिवस मी डब्यात हळूच हिरव्या मिरचीचा खर्डा घातला. रग्गड लसूण, जाडं मीठ. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. सकाळी डबा नेणारा वॉर्डबॉय हसत आला. म्हणाला, म्हातारा रडायला लागलाय आणि शिव्या द्यायला लागलाय, म्हणजे बरा झालाय.

बरे झाल्यावर आबा प्रकाशदादांच्या बंद ऑफिसपुढं येऊन उभे राहिले. "पक्या, शटर वर कर. कुटंतरी असं ने, जितं हवा फुकटची असंल, सोच्छ असंल आनी गार असंल. नळीतनं लई प्यालो. आता उघड्यावर प्यायची."

दादा म्हणाले, "महाबळेश्वर?"

"महाबळेश्वराला माजा मेव्हणा ऱ्हातो. लांब सांग."

कसं कुणास ठाऊक, पण त्या बोलण्यातून बर्फ निघाला. आणि नुसता बघायचा बर्फ नाही, पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरायचा. रंकाळ्यावर पहाटे चालायला येणारी आबांची मंडळी तयार झाली. डॉक्टरांनी आबांच्या छातीचा नवा फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "जा. पण दमानं." आणि आबा म्हणाले, स्वयंपाकाला शालन पाहिजे. माझी जीभ तिनं माघारी आणलीय.

गल्लीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. "बर्फात घसराय परदेशात कशाला जातासा? आमच्या मोरीत या की, शेवाळ हाय." हे आमच्या गावचं प्रेम. टोमणा मारल्याशिवाय ते बाहेरच पडत नाही.

दादांच्या ऑफिसात भिंतभर जगाचा नकाशा होता. कुठल्या देशानं दार लावलं की दादा त्याच्यावर लाल तिकली चिकटवायचे. तिकल्यांचं पाकीट मालनकाकींनी दिलेलं. आधी स्वित्झर्लंड ठरलं, आणि विषाणूचा नवा अवतार आला. तिकली. मग ऑस्ट्रिया. तिकली. कुठं आपली लस चालत नाही, कुठं चालते पण तिथं पोचल्यावर खोलीत कोंडून घालतात, कुठं सगळं चालतं पण तिकडं जाणारं विमानच उडत नाही. कपाळं भरावीत तसा तो नकाशा भरत गेला. ऑस्ट्रियाच्या तिकलीदिवशी आबा म्हणाले, "पक्या, तू ज्या देशाकडं बगतोस त्यो बंद पडतोय. जरा आमच्या शेजाऱ्याच्या घराकडं बग की."

मी कोपऱ्यात चहा गाळत असायचे आणि तो नकाशा बघत बसायचे. शाळेत आमचा भूगोल महाराष्ट्रापर्यंतच आला होता, पुढचे देश वर्गात शिकवले तेव्हा मी घरी होते. ते मी त्या हिवाळ्यात शिकले, तिकल्यांवरून. कोण कुणाच्या शेजारी, कुणाची हद्द समुद्राला लागते, कोण उघडं, कोण बंद. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक तिकलीसरशी मला आतून बरंही वाटायचं. गेलं, वाचलो, आता जायला नको. पण घरी गेले की पासपोर्ट पाकिटातून काढून बघायचे आणि परत आत ठेवायचे. दहावी नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर, जाताना याची तपासणी करा, असं वेगळं लिहून येतं. विमानतळावरचा साहेब ते वाचून मला रांगेतून बाहेर काढणार, हे चित्र मी इतक्या वेळा बघितलं होतं, की त्या साहेबाची मिशीसुद्धा ठरली होती.

शेवटी नकाशावर बोटभर जागा उरली. जॉर्जिया. दादांनी तिकलीचा हात मागं घेतला आणि म्हणाले, "आज उघडा हाय. उद्याचं ठावं न्हाय. पळायचं तर आत्ता."

निघण्याआधी तपासणी, आणि तपासणीत एकाला जरी कोरोना निघाला तरी त्याचं जाणं बंद. म्हणून ठरलं, की सगळ्यांनी आठवडाभर लोकांपासून लांब, कोडोलीला आबांच्या रानातल्या घरात राहायचं. बाहेरचं कुणी आत नाही, आतलं कुणी बाहेर नाही.

गुऱ्हाळ भरात होतं. मोठ्या काहिलीत रस उकळत असायचा, वरची मळी काढली की खालून पिवळाधमक होत जायचा, आणि त्याचा वास साऱ्या रानावर पातळ कापडासारखा पसरलेला असायचा. पहाटे धुकं आणि तो वास एकमेकांत असे मिसळायचे, की वाटायचं आपण गोडाच्या आत राहतोय. काहिलीखालच्या चुलवणाच्या ढणढणत्या जाळाजवळ मी माझी तीन दगडांची चूल मांडली होती, आणि समोरच उसाच्या चिपाडांची उंच गंज. रस काढून झालेली, उन्हात वाळलेली चिपाडं. त्या गंजीच्या उतारावर ताडपत्री अंथरली, तिच्यावर साबणाचं पाणी टाकलं, बुटांना बांबूच्या कांबी बांधल्या, आणि आमचा बर्फ तयार झाला.

शिकवायला गिओर्गी होता, फोनच्या काचेतून. गिओर्गी म्हणजे त्या डोंगरातला पोरगेलासा मास्तर, दादांनी ओळख काढून ठरवलेला. आबांनी पहिल्याच दिवशी त्याचा गोरख करून टाकला. फोन गुळाच्या बादलीला टेकवून ठेवलेला, मागं त्याचा पांढरा डोंगर, पुढं आमची चिपाडं. तो इंग्रजीत सांगायचा, दादा मराठीत करायचे.

पहिलाच धडा होता पडायचा. दोन्ही गुडघे मोडायचे, एका कुशीवर बसल्यासारखं व्हायचं आणि पाठीवर सैल सोडून द्यायचं. तोल गेला की झगडायचं नाही, पडायचं. बाकीची मंडळी हसत खिदळत धडाधड पडली. आबा पडेनात. पाठ खाली निघाली की त्यांचं सगळं अंग हवेतच वळायचं आणि धाडदिशी पालथं यायचं. मनगटं सोलली, हनुवटीला चिपाड लागलं, पण पाठ काही टेकेना.

काचेतला गोरख हसायचा थांबला. दादांनी त्याचं बोलणं सांगताना आवाज बारीक केला. "आबा, त्यो म्हंतोय, ह्या माणसाला मी डोंगरावर घेणार न्हाय. असं पडला तर मान मोडंल."

आबा लाल. "त्येला सांग, जल्मभर मी ही पाठ कुनाला दावली न्हाय. दवाखान्यात यम छातीवर बसलाता, त्येला बी दावली न्हाय. आता ह्या गोऱ्या पोरासाठी चीत होऊ व्हय?"

मालनकाकी तोवर गंजीकडं फिरकल्याही नव्हत्या. सगळ्या बेताला त्यांचा विरोध. "बसल्या जाग्यावर मरायचं सोडून" हे त्यांचं पालुपद. त्या उठल्या. लुगड्याचा ओचा कमरेला खोचला, कांबी नाही न् काही नाही, तशाच शिडीवरून गंजीच्या माथ्यावर चढल्या, आणि पाठीवर झोकून दिलं. साबणाच्या पाण्यावरून सुर्रकन खाली. डोक्यावरचा पदर एकीकडं, अंबाडा एकीकडं. खाली मातीत उताण्या पडून त्या इतक्या हसायला लागल्या, की त्यांना उठताच येईना.

"अवो, झाले की चीत मी! काय झालं? काय गेलं का माजं? या की! कोन बगतंय हितं?"

आबा बघत राहिले. मग गंजीवर चढले. मी भाकरी तव्यावर तशीच सोडून उभी होते. त्यांनी डोळे मिटले, चिपाडांना हात लावून कपाळाला लावला, आखाड्यात उतरताना लावतात तसा, आणि पाठीवर गेले. साऱ्या गुऱ्हाळानं, गूळ करणाऱ्या गुळव्यापासून चुलवणात जाळ घालणाऱ्यापर्यंत, जी आरोळी मारली ती काचेतून जॉर्जियात पोचली असणार. मातीत उताणे पडलेले आबा आभाळाकडं बघत म्हणाले, "हितनं लई मोठं दिसतंय की ग."

त्यानंतर आमचा घात झाला तो आमच्याच स्वभावानं. माणूस परगावी निघालं की त्याला मुकाट जाऊ द्यायचं, हे आमच्याकडं कुणाला जमलेलं नाही. आम्ही रानात लपलो होतो आणि इकडं मंडळाच्या पोरांनी चौकात डिजिटल फलक लावला होता. "बर्फाच्या मोहिमेवर निघालेल्या आपल्या वाघांना हार्दिक शुभेच्छा!" वर एक डोंगर, खाली सगळ्यांचे फोटो. आबांचा लग्नातला. माझा कुठल्यातरी कार्यालयातला, हातातली पळी कापायची राहून गेलेला. आणि फलकाच्या तळाला ठळक अक्षरात आमचा मुक्काम, कोडोलीचं गुऱ्हाळ.

तपासणीच्या आधी दोनच दिवस ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली भरभरून गल्ली आली. नारळ, शाली, हार, हलगी. सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते, हे मी कबूल करते. पण बोलायचं झालं की आमचा माणूस मास्क खाली ओढतो. तोंड झाकून बोलणं त्याला फसवल्यासारखं वाटतं. दादा कठड्यावर उभं राहून ओरडत होते, "लांबनं! लांबनं शुभेच्छा द्या, भावांनो!" आणि भाऊ म्हणत होते, "व्हय की, लांबनंच आलोय, कोल्हापूरास्नं." आबांच्या गळ्यात पडून तिघं रडले. मला कुणीतरी ओटी भरून पेढा तोंडात घातला. माझी ओटी कुणी अशी भरली नव्हती. नको म्हणायचं होतं, पण तोंड उघडलं ते पेढा घ्यायलाच.

दोन दिवसांनी नाकात काडी घालणारा माणूस आला. दुसऱ्या दिवशी अहवाल आले. सगळे मोकळे. मी सोडून.

खरं सांगते, मला आश्चर्य वाटलं नाही. आत कुठंतरी वाटलं, हां, आता बरोबर झालं. मधेच एवढं चांगलं चाललेलं चुकून माझ्या वाट्याला आलं होतं. मी गोधडी घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं.

दाराबाहेर अंगणात मंडळी जमली होती. सगळं ऐकू येत होतं. दादांचा आवाज, "विमान परवाचं हाय. आता न्हाय गेलो तर परत तिकली लागंल. आनी बर्फ काय आपल्यासाठी थांबतोय व्हय? उन्हाळ्याकडं वितळतोय त्यो."

मी आतून ओरडले, "जावा की तुम्ही! माझ्यासाठी कोण थांबू नका. मसाले बांधून ठेवलेत, पिशवीवर नावं हायत."

"तू गप," आबा गरजले. "तुजं मत इचारलं न्हाय कुनी."

मग आबाच, पण हळू. "पक्या, हिनं डबा धाडला तवा हिला कोन म्हनलंतं, धाड म्हनून? समदं गाव आमच्या वाऱ्याला उभं ऱ्हात नव्हतं. बर्फ वितळू दे. पुढच्या साली पडंल. तारीख फिरव."

कुणीही नाही म्हणालं नाही. एकही जण नाही. मी दाराला पाठ लावून बसले होते. माझ्यासाठी कुणी काही थांबवलेलं मला आठवत नव्हतं. शाळासुद्धा पुढं गेली होती, जायचीच. पण ही माणसं थांबली.

मग सगळं उलटं झालं. जल्मभर दुसऱ्यांच्या ताटात वाढणाऱ्या मला खिडकीतून ताट यायला लागलं. मालनकाकींची आमटी खारट, भात मऊ गिच्च, आणि वर दरडावणी, "समदं संपीव. नावं ठेवायची न्हाईत." ताप चढला की अंगणातून आबांचा हुकूम यायचा, "पालथी झोप! दम वड! सोड! वड!" म्हशीसुद्धा माना वळवून बघायच्या. मी पालथी झोपायचे, दम ओढायचे, सोडायचे.

एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. गुळाचा वास गेला होता. खिडकीबाहेर काहील उकळत होती, धूर दिसत होता, गुळव्याचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि वास नाही. सारा हंगाम मुका झाल्यासारखा. मीठ चाखून सांगणारी मी, फोडणी वासावर ओळखणारी मी. नाकच गेलं तर मी स्वयंपाकाची कसली? लोकांनी माझ्यासाठी विमान सोडलं, आणि माझ्याकडं त्यांना द्यायला आता काही उरलंय का, या धास्तीनं मी लसणाची पाकळी नाकाशी धरून बसायचे. नुसतं थंड काहीतरी हाताला लागायचं.

मग एक सकाळ. खिडकीच्या गजांवर दव होतं. मी नुकती उठून बसले होते, आणि काहीतरी आत आलं. आधी वाटलं आठवणच आहे. मग परत आलं. करपट, मग गोड, मग खाली ओल्या मातीचा, मग चिपाडाच्या धुराचा. काहील उतरवायच्या बेताला आली होती. रस पाकाला आला की त्याचा वास एकदम जड होतो, तो मला बसल्या जागी कळला. मी गजांना धरून ओरडले, "उतरवा! गूळ झाला, उतरवा!" गुळव्या चमकून वर बघायला लागला. ओसरीवर मालनकाकी होत्या. त्यांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि आत वळून आबांना हाक मारली, "अवो, उठा! आली हिची चव माघारी!"

जॉर्जियावर तिकली लागली नाही. रोज सकाळी दादा नकाशापुढं उभे राहायचे, हात जोडल्यासारखे, आणि तो देश उघडाच राहायचा. दुसरी तपासणी झाली. या वेळी फलक नाही, हलगी नाही. आबांनी गल्लीला धमकी दिली होती, की जो कोण शुभेच्छा द्यायला येईल त्याचं दूध बंद. अहवाल आले. सगळे मोकळे. मीसुद्धा. मी तो कागद चारदा वाचला, दादांकडून एकदा वाचून घेतला, आणि तरी गाडीत बसताना वाटत होतं कुणीतरी मागून हाक मारील.

विमानतळावरच्या साहेबाला मिशी नव्हतीच. बाईच होती. तिनं माझा पासपोर्ट बघितला, माझ्याकडं बघितलं, विचारलं, "कुठं चाललात?" मी म्हटलं, "बर्फात." ती हसली आणि शिक्का मारला. एवढंच. इतके दिवस मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

हॉटेलच्या मालकीणबाईंचं नाव नाना. आबा दारातच थबकले. "आमच्या गल्लीत चार नाना हायत, समद्यास्नी मिश्या." नानानं चीज भरलेली जाड, गोल भाकरी पुढं ठेवली, आबांनी खिशातल्या डबीतला खर्डा तिच्यावर फासला आणि तिलाही दिला. तिच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात पुन्हा डबीकडं. ती मला हिंदुस्थानी पाहुण्यांसाठी दर हिवाळ्यात बोलावील, मी घरापासून इतक्या लांब येऊन या खिडकीशी उभी राहीन, हे त्या दिवशी कुणाच्या स्वप्नात नव्हतं. आता फोनवर मलकापूरहून भाऊ विचारतो, "करमतंय का?" करमत नाही कधी कधी. संध्याकाळी डोंगर निळे पडतात तेव्हा अजिबात करमत नाही. पण त्या संध्याकाळीसुद्धा मी हे विसरत नाही, की मी इथं कुणाच्या खांद्यावर बसून पोचले.

त्या सहलीतल्या पहिल्या सकाळी मी कुकर लावत होते. बाहेरून हाक आली, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशी.

"शालन! ए शालन! भाईर ये!"

"भात लागंल, आबा!"

"लागू दे! करपू दे! तू आल्याबिगर एक बी माणूस पाय टाकनार न्हाय!"

बाहेर आले तर सगळे रांगेत उभे. भाड्याचे लाल-पिवळे फुगीर कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, ओळखू येईनात. पायवाट झाडून काढलेली होती, तिच्या कडेपर्यंत येऊन सगळे थांबले होते. पुढं उतारभर नुसतं पांढरं, एक पाऊल नाही. गिओर्गी घड्याळ बघत होता. मालनकाकींनी खाली बसून माझ्या पायात ते जड बूट चढवले, "हलू नगंस, बोट चेंगरंल," आणि फळ्या अडकवल्या. मी म्हटलं, मला येत नाही. तुम्ही शिकत होता तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. मला पडायला येत नाही, थांबायला येत नाही, काहीच येत नाही.

"आमाला तरी कुटं येतंय?" काकी म्हणाल्या. "पर आमी तुज्या मागनं."

कुणी ढकललं नाही. हवा इतकी गार होती की दम घेतला की छातीत काच वाजल्यासारखं व्हायचं. मी गुडघे जरा मोडले. फळ्या आपल्या आपण पुढं निघाल्या. आधी हळू, बैलगाडी उतरणीला लागते तशा, मग सुटल्याच. वारा कानात, दोन्ही हात हवेत, आणि तोंडातून आपोआप बाजारात ओरडतात तसं निघालं, "सरा ऽ ऽ बाजूला!" समोर कुणीच नव्हतं. मागून आबांचा आवाज, "अग थांब की!" आणि सगळ्यांचं हसणं, आणि एकेकाचं पाऊल बर्फात पडल्याचा करकर आवाज.

थांबायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. उतार संपला, तरी मी आणखी थोडी पुढं गेले.